पाठीपासून पापणीपर्यंत

माणसाच्या शरीरात सहाशेहून अधिक स्नायू आहेत, हे आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेले असते. त्यांतले बहुतेक आपल्या इच्छेने हलतात, तरीही आपल्याला त्यांची खबर नसते. नमाजच घ्या. रुकूसाठी वाकताना पाठीचे स्नायू आपल्याला हळूहळू खाली सोडतात, एकदम कोसळू देत नाहीत. रुकूतून उठताना तेच स्नायू कमरेच्या वरचा सगळा भार उचलून आपल्याला सरळ उभे करतात. सलाम फेरताना तोंड उजवीकडे वळते ते मानेच्या डाव्या बाजूच्या स्नायूमुळे. कानामागच्या हाडापासून छातीच्या हाडापर्यंत तिरका गेलेला हा पट्टा आहे. डॉक्टर त्याला स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड म्हणतात. आरशासमोर मान उजवीकडे वळवून पाहा, डाव्या बाजूला तो दोरीसारखा वर येतो.

पाच वेळच्या फक्त फर्ज रकाती धरल्या तरी दिवसाला सतरा रकाती होतात. म्हणजे सतरा रुकू आणि चौतीस सजदे. माणूस वर्षानुवर्षे हे करतो आणि आपण काय करतो आहोत हे त्याच्या ध्यानातही येत नाही. आमच्या घरात ते ध्यानात आले, कारण या हालचाली एकेक करून थांबत गेल्या.

आमचे अब्बा रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिक्षक होते. तीस-बत्तीस वर्षे त्यांनी पहिली-दुसरीच्या पोरांना मुळाक्षरे गिरवायला शिकवली. निवृत्तीनंतर त्यांचा दिवस मशिदीभोवतीच फिरत असे. आम्ही चौघे भावंडे, दोघे मुंब्र्याला, एकजण आखातात आणि धाकटी गावातच दिलेली. अब्बांच्या आजाराची सुरुवात आम्हा कोणालाच मोठी वाटावी अशी नव्हती. लुंगीची गाठ नीट बसेना. बटण लावायला वेळ लागू लागला. मग खांद्यावर आणि पाठीवर कातडीखाली काहीतरी आपोआप फडफडू लागले, जाळ्यात मासळी तडफडावी तसे. दुखत काहीच नव्हते.

मुंबईच्या डॉक्टरांनी तपासण्या करून नाव सांगितले, मोटर न्यूरॉन डिसीज. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावले ते आम्ही विसरलो नाही. स्नायू स्वतःहून हलत नाही. मेंदूतून हुकूम निघतो, मज्जारज्जूतल्या चेतापेशी तो स्नायूपर्यंत पोचवतात. या आजारात हुकूम नेणाऱ्या या पेशीच मरत जातात. हुकूम मिळाला नाही की स्नायू आधी दुबळा होतो, मग वाळतो. स्पर्श कळतो, थंडी-गरमी कळते, माणसे ओळखू येतात. समजही बहुतेक रुग्णांची शाबूत राहते. रिलुझोल नावाचे औषध 1995 पासून मिळते, पण त्याने आजार बरा होत नाही, काही महिने वाढतात. बहुतेक रुग्णांना दोन ते पाच वर्षे मिळतात, हेही त्यांनी आम्हाला आणि अब्बांना लपवून न ठेवता सांगितले.

अब्बांनी एकच विचारले, "नमाज कधीपर्यंत पढता येईल?"

डॉक्टर मुसलमान नव्हते. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, "गुरुजी, ते मला नाही सांगता येणार. कुठला स्नायू कधी जाईल एवढंच मी अंदाजानं सांगू शकेन."

पाठ

कण्याच्या दोन्ही बाजूंनी कमरेच्या खालच्या हाडांपासून डोक्याच्या मागच्या भागापर्यंत स्नायूंचे लांब दोर गेलेले असतात. आपल्याला ताठ उभे ठेवणारे हेच. अब्बांच्या पाठीतले हे दोर ढिले पडले तेव्हा प्रथम वाकणे नव्हे, वाकून उठणे अवघड झाले. एका जुम्याला ते रुकूत गेले ते वर आलेच नाहीत. शेजारच्या नमाजीने सलाम फेरल्यावर त्यांना धरून बसवले. त्या दिवशी घरी आल्यावर ते कोणाशी बोलले नाहीत.

मशिदीत मागच्या भिंतीला चार-पाच खुर्च्या असतात. त्यांवर बसायला अब्बा तयार नव्हते. खुर्ची म्हणजे हार, असे त्यांच्या मनाने घेतले होते. अम्मीने समजावले, आम्ही फोनवरून समजावले, उपयोग झाला नाही. शेवटी इमामसाहेब स्वतः घरी आले. त्यांनी हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) यांची गोष्ट काढली. त्यांना मूळव्याधीचा त्रास होता. त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना नमाजबद्दल विचारले, तेव्हा उत्तर मिळाले ते या अर्थाचे की, उभ्याने पढा, ते जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर. सही बुखारीतली ही हदीस. इमामसाहेब म्हणाले, "मास्तर, एका सहाबींच्या दुखण्यामुळे सगळ्या उम्मतीसाठी दार उघडलं. ते दार बंद करायचा हक्क तुम्हाला कोणी दिला?"

मग त्यांनी मसला सोडवून सांगितला. आम्ही कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई मस्लकाचे. त्यानुसार रुकू-सजदा जमत नाही म्हणून कियाम माफ होत नाही. जोवर उभे राहता येते तोवर कियाम उभ्यानेच करायचा, रुकू आणि सजदा खुर्चीवर बसून, इशाऱ्याने. सजद्याचा इशारा रुकूपेक्षा थोडा खाली. अब्बांना हे पटले. खुर्चीवर बसायचे म्हणजे सगळेच सोडून द्यायचे असे त्यांना वाटत होते. इथे तर जे चालू आहे ते चालूच राहणार होते, जे थांबले त्याच्याच जागी दुसरे येणार होते.

मान

डोक्याचे वजन साधारण साडेचार-पाच किलो असते आणि त्याचा तोल कण्याच्या थोडा पुढे पडतो. म्हणून मानेमागचे स्नायू आपण जागे असेपर्यंत कामावर असतात. एसटीत बसल्या बसल्या डुलकी लागली की मान पुढे पडते, याचे कारण तेच. त्या स्नायूंची पकड झोपेत सुटते. अब्बांची मान आता जागेपणीही पुढे पडू लागली. हनुवटी छातीला टेकायची. समोरच्या माणसाकडे बघायचे तर ते हाताने कपाळ वर ढकलत, आणि हातांतही ताकद राहिली नव्हती.

तेव्हा त्यांनी विचारलेला प्रश्न आम्हाला आयुष्यभर पुरेल. जीभ जड झाली होती, शब्द घोगरे येत होते. म्हणाले, "डोकं आपोआपच खाली पडतंय. मग माझा रुकू कुठला आणि पडणं कुठलं?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. इमामसाहेबांनी थोडा वेळ घेतला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "जे तुमच्याकडून होतं तो रुकू. जे तुम्हाला होतं तो आजार. नियत तुमची आहे, ती आजाराची नाही." आणि पुढे म्हणाले की पट्टा लावून मान आधी सरळ ठेवा, मग जेवढी तुमच्या इच्छेने झुकवता येईल तेवढी झुकवा.

धाकटीने फिजिओथेरपिस्टकडून मानेचा पट्टा आणला. पुढच्या बाजूने हनुवटीला आधार देणारा, पण थोडी हालचाल होऊ देणारा. त्या ताई हिंदू होत्या. रुकू किती, सजदा किती, हे त्यांनी आमच्याकडून समजून घेतले आणि पट्टा त्याप्रमाणे सैल करून दिला. दोन बोटे रुकूसाठी, चार बोटे सजद्यासाठी. एवढ्याशा हालचालीत अब्बांच्या मानेतल्या उरल्यासुरल्या सगळ्या स्नायूंची मेहनत होती. जोहरच्या चार रकाती झाल्या की कपाळाला घाम यायचा. सलाम फेरताना मान वळत नसे, डोळे मात्र उजवीकडे आणि मग डावीकडे जात.

वजू आम्हीच घालत होतो. दुसऱ्याच्या हातून वजू करून घेता येते. ज्या हाताने त्यांनी आमचा हात धरून पाटीवर अक्षरे गिरवून घेतली तो हात आमच्या हातात धरून कोपरापर्यंत धुताना तो किती हलका झाला आहे हे दर आठवड्याला कळत असे.

चेहरा

चेहऱ्याच्या स्नायूंची एक गोष्ट निराळी आहे. हातापायांचे स्नायू हाडांना बांधलेले असतात, चेहऱ्याचे बरेचसे स्नायू कातडीत जाऊन मिळतात. म्हणून हाड न हलता चेहरा हलतो आणि मनातले बाहेर दिसते. हसणे, कपाळाला आठी पडणे, ओठ मुडपणे ही सगळी त्यांचीच कामे. इब्ने सीना (980–1037) यांनी आपल्या 'अल-कानून' या ग्रंथाच्या पहिल्या भागात हाडांनंतर स्नायूंचे वर्णन केले आहे आणि त्यात कपाळ, बुबुळ, पापणी, गाल, ओठ, जबडा यांचे स्नायू वेगवेगळे सांगितले आहेत. पापणीसारख्या इवल्याशा गोष्टीला स्वतंत्र प्रकरण. त्यांच्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी अब्दुल लतीफ बगदादी या वैद्याने इजिप्तमधल्या दुष्काळात पडलेले हाडांचे सांगाडे पाहिले. खालचा जबडा दोन हाडांचा असतो असे ग्रीक वैद्य जालीनूसच्या काळापासून मानले जात होते. बगदादींनी शेकडो कवट्या तपासून तो एकाच हाडाचा असल्याचे लिहून ठेवले. मोठ्यांचा आदर राखूनही डोळ्यांनी बघावे, हा आपल्याच बुजुर्गांचा रिवाज आहे.

आम्हीही बघू लागलो. अब्बांचे बोलणे पूर्ण बंद झाले होते. जीभ आणि घशाचे स्नायू गेल्यामुळे चहासुद्धा घट्ट करून चमच्याने द्यावा लागे. घरी येणारे लोक त्यांच्याशी मोठ्याने बोलत, जणू त्यांना ऐकू येत नाही. काहीजण तर त्यांच्यादेखत, त्यांना कळतच नाही असे समजून बोलत. एक नातेवाईक म्हणाले, "आता कसली नमाज? अल्लाह माफ करणारा आहे, राहू दे." चांगल्या मनानेच म्हणाले. पण अब्बांच्या डोळ्यांत पाणी आले ते आम्ही पाहिले. अश्रू पुसायलाही त्यांना दुसऱ्याचा हात लागत होता.

पापणी

या आजारात एक सवलत कुदरतीनेच ठेवली आहे. डोळे फिरवणारे आणि पापणी उचलणारे स्नायू बहुधा शेवटपर्यंत टिकतात. प्रसिद्ध शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना 1963 मध्ये, ऐन एकविशीत हाच आजार असल्याचे कळले आणि ते 2018 पर्यंत जगले. एवढे आयुष्य फार क्वचित मिळते. शेवटच्या वर्षांत ते गालाच्या एका स्नायूच्या हालचालीवर संगणक चालवून बोलत असत. आमच्याकडे तसा संगणक नव्हता, पण अब्बांनी आयुष्यभर शिकवलेला वर्णमालेचा तक्ता होता.

क-ख-ग-घ-ङ, च-छ-ज-झ-ञ, ट-ठ-ड-ढ-ण, त-थ-द-ध-न, प-फ-ब-भ-म. पाच ओळी, पाच उभे रकाने. खाली य-र-ल-व आणि उरलेली अक्षरे. आमच्यापैकी एकाने बोट एकेका ओळीवर न्यायचे. हवी ती ओळ आली की अब्बा पापणी मिटत. मग त्या ओळीत एकेक अक्षर. पुन्हा पापणी. काना-मात्रा आम्ही ओळखून घेत असू. 'प', 'ण' म्हणजे पाणी. 'म', 'न' म्हणजे मान सरळ करा. नातवंडांना हा खेळच वाटे आणि ती आमच्यापेक्षा लवकर शिकली. पहिल्या दिवशी अब्बांनी पूर्ण केलेला पहिला शब्द तीन अक्षरांचा होता, 'न', 'म', 'ज'.

मान आता बोटभरही झुकत नव्हती. पुन्हा इमामसाहेबांना विचारले. ते म्हणाले की शाफई फिक्हमध्ये डोक्याचा इशारा जमत नसेल तर पापण्यांनी इशारा करायचा, आणि पापण्याही चालत नसतील तर नमाजचे अरकान मनातल्या मनात अदा करायचे. शुद्ध आहे तोवर नमाज आहे. आमच्या थोरल्या बहिणीचे सासर हनफी मस्लकाचे. तिच्या घरी सांगत की डोक्याचा इशाराही शक्य नसेल तर पापणीच्या इशाऱ्याने नमाज होत नाही, ती पुढे ढकलली जाते. दोघांत थोडी चर्चा झाली, पण वाद झाला नाही. माणूस ज्या मस्लकावर जगला त्यावर त्याने अमल करावा, हे सगळ्यांनी मान्य केले. वाचकांनीही आपापल्या घरातल्या रुग्णासाठी आपल्या आलिमांना विचारूनच ठरवावे.

मग आमच्या घरात जमात पापणीची होऊ लागली. पलंग किब्ल्याकडे वळवला. आमच्यापैकी जो घरी असेल तो इमाम. अब्बा पाठीशी उशा लावून अर्धवट बसलेले. तकबीर झाली की त्यांची पापणी खाली येई, रुकूला थोडी, सजद्याला पूर्ण. पापणी मिटण्याइतका वेळ सजदा. आम्ही जमिनीवर कपाळ टेकवून पढत असलेल्या नमाजपेक्षा ती कमी आहे, असे आम्हाला एकदाही वाटले नाही.

श्वास

छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा एक स्नायू असतो, श्वासपटल. तो खाली सरकला की छातीत हवा येते, सैल पडला की बाहेर जाते. आपण झोपलो तरी तो झोपत नाही. अब्बांना सपाट झोपवले की धाप लागू लागली, सकाळी डोके दुखू लागले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की आता हा स्नायू थकतो आहे. रात्री नाकातोंडावर मास्क लावायचे यंत्र आणले. त्याने काही महिने बरे गेले. मग तेही पुरेना. डॉक्टरांनी गळ्याला छिद्र पाडून कायमच्या व्हेंटिलेटरचा पर्याय सांगितला आणि त्याचा अर्थही सांगितला. श्वास राहील, आजार पुढे जात राहील, आणि रुग्णालयाजवळच राहावे लागेल.

आम्हा भावंडांत दोन मते होती. आखातातला भाऊ फोनवर रडून म्हणत होता की पैशाची काळजी करू नका. अम्मी गप्प होती. डॉक्टरांशी बोललो, इमामसाहेबांशी बोललो. दोघांनीही एकच विचारले, "त्यांना विचारलंत का?"

तक्ता आणला. अब्बांनी पहिल्या ओळीला पापणी मिटली. चौथे अक्षर, 'घ'. मग शेवटच्या ओळीत 'र'.

त्यानंतर ते अकरा दिवस होते. घरातच, खाडीकडच्या खिडकीपाशी. एका असरच्या नमाजनंतर त्यांनी पापणी मिटली ती उघडली नाही. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

हे सगळे लिहायचे कारण एकच. आपल्या घराघरांत कोणी लकव्याने, कोणी वार्धक्याने, कोणी मणक्याच्या दुखण्याने अंथरुणावर आहे. त्यांची काळजी घेताना आपण औषध, खाणे, कपडे सगळे पाहतो आणि नमाजबद्दल दोनपैकी एक टोक गाठतो. एक तर "बसून कशाला, नीट उभे राहा" म्हणून त्यांना थकवतो, नाही तर "आता राहू द्या" म्हणून त्यांच्या हातातून ती काढून घेतो. या दोन्हींच्या मधे एक लांब शिडी आहे. पाठ गेली तर मान आहे, आणि मान गेल्यावर काय करायचे याचेही उत्तर आलिमांकडे आहे. अल्लाहने दिलेल्या सवलतींचा बंद्याने स्वीकार केलेला अल्लाहला आवडतो, या अर्थाची हदीस आपण ऐकतो. रुग्णाला ती सवलत पोचवायची तर त्याच्या शरीरात आज काय चालते आहे हे घरच्यांना ठाऊक पाहिजे. डॉक्टरांना विचारा, कुठला स्नायू चालतो आहे. आलिमांना विचारा, त्यावर काय होऊ शकते. आणि तिसरा प्रश्न रुग्णालाच विचारा. त्याचे उत्तर पापणीत असेल तर तेवढा वेळ थांबा.

अब्बांचा तक्ता आम्ही प्लॅस्टिकचे आवरण घालून ठेवला होता. गेल्या महिन्यात शेजारच्या गावातून एक मुलगा तो मागायला आला. त्याच्या आईला झटका आला आहे, बोलता येत नाही, कळते मात्र सगळे. तक्ता कसा चालवायचा हे त्याला आमच्या घरातल्या सर्वांत लहान मुलीने ओसरीवर बसून शिकवले. अल्लाह त्या माऊलीला शिफा देवो आणि तिच्या मुलांना तिची पापणी वाचण्याची सबूर देवो. आमीन.